पाण्याबाहेरचे तीन महिने

"मान सोड. अजून सोड. माझ्या हातावर डोकं ठेव, उशीवर ठेवतेस तसं."

गोगलगाय डोळे घट्ट मिटून पाण्यावर आडवी झाली होती. सहा वर्षांची ही मुलगी सगळ्यांच्या शेवटी शिडी उतरायची, म्हणून तिला ते नाव पडलं होतं आणि तिला ते आवडतही होतं. तिच्या मानेखाली पाणीमावशीचा तळहात होता. छताच्या काचांतून आलेलं ऊन पाण्यात मोडून तळाच्या निळ्या फरश्यांवर जाळ्यासारखं हलत होतं. बंदिस्त तलावात आवाज नेहमी लांबून आल्यासारखे येत. शेजारच्या पोरांचा दंगासुद्धा झोपेत ऐकू आल्यासारखा वाटे.

"आता मी हात काढणार."

"नको ना!"

"बरं बाई, नाही काढत," असं म्हणत मावशीने हात हळूच चार बोटं खाली नेला. हे खोटं ती गेली सव्वीस वर्षं बोलत आली होती. गोगलगाय पाण्यावर एकटी तरंगत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मूल तरंगायला लागलेलं असतं आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक असतं, या कामातला हा क्षण तिला सगळ्यांत प्रिय होता. तिचं पाणीमावशी हे नाव पहिल्या वर्षीच्या कुणा पोराने ठेवलं होतं. ते पोर आता बाप झालं असेल, नाव मात्र तिला चिकटून राहिलं.

गोगलगायीने डोळे उघडले, दचकली, नाकात पाणी गेलं आणि तिने मावशीचा दंड धरला. मग खोकता खोकता थांबली.

"मावशी, तुझ्या हातावर नकाशा आहे."

कोपरापासून खांद्यापर्यंत लाल, खरखरीत चट्टे उठले होते. कडा पांढरट, मध्ये कुठे कुठे खाजवल्याचे ओरखडे.

"कुठल्या देशाचा गं?"

"माहीत नाही. पण मोठा आहे. पार मानेपर्यंत गेलाय."

आजूबाजूची पोरं हसली, मावशीही हसली. काठावरच्या बाकावर गोगलगायीची आई बसली होती. तिने हातातला फोन खाली केला आणि मावशीच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

तिसऱ्या दिवशी तलावाच्या व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं.

"बसा ना, बाई."

व्यवस्थापक वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते आणि एरवी उभ्या उभ्याच बोलत. बसा म्हणाले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"लहान मुलांच्या तुकडीतल्या तीन आया भेटून गेल्या. तक्रार नाही हं. नुसती काळजी."

"कसली?"

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर पंख्याकडे नेली. "संसर्ग वगैरे. आता मला माहितीय, तसलं काही नसणार. पण डॉक्टरांचा दाखला आणा. तोवर चाव्यांच्या खिडकीवर बसा. बसल्या जागी काम, तेवढाच आराम."

"मी आराम कुठं मागितला होता, साहेब?"

"तसं नाही हो, बाई..." ते म्हणाले.

चाव्यांची खिडकी म्हणजे कपाटांच्या चाव्या द्यायच्या, परत घ्यायच्या आणि भिंतीवरच्या आकड्यांना टांगायच्या. पाठीमागे मोठी काच होती, तिच्यातून तलाव दिसे पण ऐकू येत नसे. मुलं तोंडं उघडून ओरडत आणि आवाज येत नसे. नवी शिकवणारी मुलगी, विशीतली, तुकतुकीत हातांची, शिट्टी फुंके आणि तीही मुकीच वाजे. दुपारी डोळ्यांवर झापड आली की मावशीला वाटे, काचेच्या पलीकडे आपलंच जुनं आयुष्य चाललंय आणि त्यात आपण नाही.

चट्टे तसे आठ महिन्यांपूर्वीच सुरू झाले होते. आधी साबण बदलला. मग कपडे धुण्याची पूड बदलली. मग औषधाच्या दुकानातून मलम आणलं, ते संपलं, दुसरं आणलं. मोठ्या बहिणीकडे, ताईकडे, प्रत्येक दुखण्यावर उपाय होता आणि प्रत्येक उपायाला साक्षीदार म्हणून एक शेजारीण होती.

"तुझं रक्त बिघडलंय," ताई फोनवर म्हणाली. "कडू काढा घे पंधरा दिवस. आमच्या वरच्या मजल्यावरची, तिचं तर अंगभर होतं. आता बघशील तर लोण्यासारखी कातडी."

"ताई, मागच्या वेळी गुडघ्यांनाही तीच वरच्या मजल्यावरची होती."

"मग? माणसाला दोन दुखणी असू नयेत?"

काढ्याने तोंड तेवढं कडू झालं. पोट तर आधीच बिनसलेलं होतं. सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी ढोलकीसारखं ताणलेलं असे. छातीतून मानेपर्यंत उकाड्याची लाट चढे आणि ऐन पाण्यात तिला घाम फुटे. पाळी दोन दोन महिने दडी मारी, मग अशी येई की चार दिवस उभं राहणं मुश्कील. वय सत्तेचाळीस. आता हे चालायचंच, असं ती स्वतःला सांगे. पोट, पाळी आणि कातडी या एकाच घरात शिरलेल्या तीन भाडेकरणी होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत असतील, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

खिडकीवर बसून बसून मात्र तिला आई आठवायला लागली.

आठवण अशी यायची की जणू ओल्या काचेमागून कुणी येतंय. आई तेव्हा अठ्ठेचाळीसची असेल. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. कुणी नाही असं पाहून दाराच्या चौकटीला पाठ घासायची. सगळ्यांची जेवणं झाली की ओट्यापाशी उभ्यानेच उरलंसुरलं खायची आणि मग पोटावर हात ठेवून भिंतीला टेकायची. "पोटात ढग फिरतात गं," म्हणायची. पावसाळा कधी यायचा, असं वडील विचारायचे आणि सगळे हसायचे.

पाणीमावशी तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळेच्या पोहण्याच्या संघात होती, अंगावर डाग पडेल या धास्तीने जगत होती. एक दिवस ती आईला म्हणाली, "तू माझा टॉवेल घेत जाऊ नकोस. आणि मी आता पुढच्या खोलीत झोपणार."

दुसऱ्या दिवशी दारामागे, सगळ्यांच्या टॉवेलांपासून लांब, एक नवी खुंटी ठोकलेली दिसली. आईने ती स्वतःच ठोकली होती. जरा वाकडी बसली होती. पुढे चट्टे कधी गेले, गेले की नाही, मावशीला आठवत नव्हतं. आई गेली तेव्हाही तिच्या बाह्या लांबच होत्या.

कातडीच्या डॉक्टरीण बाई वयस्क होत्या, हळू बोलत. त्यांनी भिंगातून हात पाहिला, मान पाहिली, गुडघ्यामागे पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"पोट कसं आहे?"

"पोट? मी कातडीसाठी आलेय."

"हो, ते दिसलं मला. पोट कसं आहे?"

मावशीने सांगितलं. आधी दोन वाक्यांत, मग बाई ऐकतायत असं पाहून बरंच.

"जेवता कधी?"

"दोन तुकड्यांच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात, तेव्हा."

"बसून?"

"ओल्या अंगाने कुठं बसणार? उभ्यानंच. सकाळचं काही उरलेलं असतं, नाहीतर बिस्किटं आणि चहा." हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा, ते लगेच उमगलं नाही.

"वर्षभरात औषधं काय काय झाली?"

कान फुटला होता, पाण्यातल्या माणसांचा फुटतोच. तीनदा अँटिबायोटिक गोळ्या. तिन्ही वेळा आपणच दुकानातून आणून घेतलेल्या. शिवाय जळजळीवर रोज सकाळी एक गोळी.

डॉक्टरीण बाईंनी सगळं लिहून घेतलं. "हे इसब आहे. आता पाळी जाण्याआधीची तुमची ही वर्षं. हार्मोन्स खाली-वर होतात, त्याने कातडी कोरडी पडते, कमकुवत होते. वरून रोजचं क्लोरीनचं पाणी. आणि आतड्यात जे असंख्य बारीक जीव असतात ना, चांगले, आपल्या उपयोगाचे, त्यांची वस्तीही या वयात बदलते. गोळ्यांनी तर गावंच्या गावं उठतात. आतली वस्ती बिघडली की बाहेर कातडी चिडते, असं दिसतं. कसं आणि किती, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही, तेव्हा शपथेवर नाही सांगणार. पण तुमच्या वयाच्या बायका माझ्याकडे कातडी घेऊन येतात आणि निम्म्या जणी पोटाचं बोलून जातात." त्या किंचित हसल्या. "कातडी या शब्दातला क काढा. काय उरतं?"

मावशीने मनात अक्षरं मांडली. "आतडी."

"तेवढंच अंतर आहे."

कित्येक आठवड्यांनी मावशी हसली. मग हसू विरलं आणि ती म्हणाली, "हे कुणाला लागत नाही ना?"

"नाही."

"टॉवेलमधून?"

"नाही हो."

"एका अंथरुणात झोपलं तरी?"

"एका ताटात जेवलात तरी नाही. थांबा, तसं दाखल्यावरच लिहून देते, म्हणजे तुमच्या साहेबांना शंका नको."

डॉक्टरीण बाई लिहू लागल्या. कागदावर पेन चाललेलं मावशी पाहत राहिली. कागद साहेबांसाठी होता. तिला मात्र तो बत्तीस वर्षं मागे न्यायचा होता, वाकड्या खुंटीच्या त्या दारापर्यंत, आणि तिथे तो घ्यायला आता कुणी नव्हतं.

दाखला मिळाला, पण पाणी मिळालं नाही. कातडी भरून येईपर्यंत तीन महिने तलावात उतरायचं नाही, असं डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं. व्यवस्थापकांनी दाखला वाचला, "बघा, मी म्हणालोच होतो," म्हणून फायलीत लावला. तो पाहायला त्या तीन आयांपैकी कुणीही आली नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली पोचवून घरी आला की आडवं व्हायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने डॉक्टरीण बाईंची चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली.

"वेळेवर जेवण. बसून, सावकाश. भाज्या, डाळी, फळं, हळूहळू वाढवत. दही. पुरेशी झोप. आंघोळीनंतर लगेच मलम." त्याने मान वर केली. "हे तर सगळं फुकटातलं आहे गं. मग आजवर का नाही केलं?"

"तुम्ही कधी विचारलंत, मी बसून जेवते का?"

दुसऱ्या दिवसापासून भाजी तो चिरू लागला. तुकडे नटबोल्टांसारखे, लहान-मोठे.

पहिले पंधरा दिवस पोट उलट जास्तच गुरगुरलं. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की काल संध्याकाळी पोटाचा विचारच मनात आला नाही. जळजळीची गोळी बाईंच्या सांगण्याप्रमाणे आधी एक दिवसाआड केली, मग बंद. मानेवरचा लाल रंग फिका झाला. पाचव्या आठवड्यात मात्र पाळी आली आणि तिच्यासोबत सगळं परत उसळलं. हात, मान, गुडघ्यांमागे, जिकडेतिकडे आग. न्हाणीघरात नळ सोडून ती रडली.

नवऱ्याने दार वाजवलं. "मलम दे इकडे. पाठीला तुझा हात पोचत नाही."

"राहू दे. किळस येईल तुम्हाला."

"तीस वर्षं लिफ्टच्या तारांना ग्रीस लावलंय. तुला लावायला काय होतंय?"

त्याची बोटं जाड होती आणि साबणाने धुऊनही त्यांना लोखंडाचा वास होता. तो हळूहळू मलम लावत राहिला. मग तिने त्याला खुंटीची गोष्ट सांगितली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आजवर कधी सांगितली नव्हती.

"पंधरा वर्षांची होतीस," तो म्हणाला.

"पंधरा म्हणजे काही पाच नव्हे."

त्याने बोटावर आणखी थोडं मलम घेतलं आणि लावत राहिला. तिला ते बरं वाटलं.

त्या दिवसांत तिला झोप चांगली लागू लागली होती आणि झोपेत पाणी येई. एकदा ती पाण्यावर उताणी पडली होती आणि मानेखाली कुणाचा तरी हात होता. वळून न पाहताही तिला कळलं की ही आई. आईला पोहता येत नव्हतं, जन्मात ती गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. पण स्वप्नात ती गळ्याइतक्या पाण्यात शांत उभी होती, लांब बाह्या पाण्यात फुलल्या होत्या. मावशीला म्हणायचं होतं की आई, हात काढू नकोस. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं आणि मान उशीवर अगदी सैल पडली होती.

दहाव्या आठवड्यात चाव्यांच्या खिडकीपाशी गोगलगाय टाचा उंचावून उभी राहिली.

"पाणीमावशी, तू अजून बाहेरच?"

"पाण्याने मला सुट्टी दिलीय."

"मी आता तरंगते!"

"हो? कधीपासून?"

"मंगळवारपासून. नव्या टीचरने हात काढला, तरी मी बुडले नाही."

"शाब्बास," मावशी म्हणाली. त्याच्या किती तरी आधीचा तो पहिला दिवस तिने मनातच ठेवला.

मागे उभ्या असलेल्या तिच्या आईने चावी घेतली, पण फितीच्या टोकाला धरून, बोटाला बोट लागणार नाही अशी. मग तीच अवघडली. "ताई, आमच्या मनात तसं काही नव्हतं हं. मुलं म्हटली की जिवाला घोर लागतो."

"लागणारच," मावशी म्हणाली. "दाखला आत फायलीत आहे. बघायचा तर बघा."

"अहो, नको, नको." ती घाईने मुलीला घेऊन गेली. मावशीला राग यायला हवा होता. पण त्या बाईच्या जागी तिला सारखी पंधरा वर्षांची एक मुलगी दिसत होती आणि तिच्यावर रागावून झालं होतं.

तीन महिने संपले. डॉक्टरीण बाईंनी भिंगातून पाहिलं आणि मान डोलावली. मान स्वच्छ झाली होती, गुडघ्यांमागे फिकट खुणा होत्या. डाव्या हातावर, कोपराच्या वर, एक तळहाताएवढा चट्टा मात्र जायला तयार नव्हता. "हा कदाचित येत-जात राहील," बाई म्हणाल्या. "पाळी पुरती थांबेपर्यंत पोटाला सांभाळा. पाण्यात जा, पण बाहेर आल्या आल्या अंग धुवा आणि मलम लावा."

व्यवस्थापक या वेळी उभेच होते. "या या, बाई. त्याचं काय झालं, लहान मुलांना आता त्या नव्या टीचरची सवय झालीय. मध्येच बदल नको. तुमच्यासाठी नवी तुकडी काढलीय, दुपारची. बायकांची. पन्नाशीच्या पुढच्याच बहुतेक."

सव्वीस वर्षं लहान मानांखाली हात ठेवून ठेवून तिच्या तळहाताला त्यांचं वजन पाठ झालं होतं. "बरं," मावशी म्हणाली.

"आणि हा पोशाख मागवलाय. पूर्ण बाह्यांचा. हल्ली बरेच जण घालतात. म्हणजे कुणी काही विचारायचा प्रश्नच नको."

पोशाख चांगला होता, गडद निळा, मऊ. तिने तो हातात घेतला, बाही मनगटापर्यंत पसरून पाहिली आणि नीट घडी घालून टेबलावर परत ठेवला.

"नको, साहेब. मी माझाच घालते."

"बघा हं. कुणी विचारलं तर?"

"सांगेन."

दुपारी तलाव रिकामा आणि निश्चल होता. पाच बायका काठाच्या दांड्याला धरून ओळीने उभ्या होत्या, छातीपर्यंत पाणी, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. मावशी शिडीवरून उतरली. पाणी गुडघ्यांवर, कमरेवर, कोपरांवर चढलं. चट्ट्याला किंचित चुणचुणलं, मग थांबलं.

"ते काय झालंय हो हाताला?" ओळीतल्या पहिलीने विचारलंच.

"इसब. कुणाला लागत नाही. या वयात होतं कुणाकुणाला."

"माझ्या पाठीवर आहे," ओळीच्या शेवटून कुणीतरी म्हणालं, आणि मग तिघीजणी एकदमच बोलायला लागल्या, कुणाचं पोट, कुणाची झोप, कुणाचा घाम. छताखाली ते आवाज एकमेकांत मिसळून गुंजत राहिले. मावशीने त्यांना बोलू दिलं. शिट्टी वाजवली नाही.

तिसरी बाई काही बोलत नव्हती. आयुष्यभर टंकलेखिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. भीतीने तिची बोटं दांड्यावर टपटपत होती, जणू अजून काही टंकायचं राहिलंय. मावशी चालत तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दांडा सोडा."

"बुडले तर?"

"मी आहे ना."

"सोडू?"

"सोडा."

बाईने डोळे मिटले, दांडा सोडला आणि पाय तळावरून सुटताच दोन्ही हातांनी मावशीचा डावा दंड पकडला, बरोबर चट्ट्यावर, नखं रुततील इतका घट्ट. तिने खाली पाहिलं नाही. आपण कशाला धरलंय हे तिला पाहायचंही नव्हतं. ती नुसती धरून राहिली, धापा टाकत, सगळा भार टाकून.

दुखत होतं. मावशीने हात हलवला नाही.

"धरा," ती म्हणाली. "हवा तेवढा वेळ धरा."